चिकटपणा राहतो कुठे?

सब्जाचं बी पाण्यात टाका आणि दहा मिनिटांनी ते चिमटीत धरायचा प्रयत्न करा. ते निसटतं. आता न धुताच भिजवलेला साबुदाणा कढईत परतायला घ्या. त्याचा गोळा होतो, तो उलथन्याला चिकटतो आणि घरातल्या सगळ्यांना उपासाच्या दिवशी गिच्च खिचडी खावी लागते. दोन्हीकडे घडतं ते जवळपास एकच. रेणूंच्या लांबलचक साखळ्या स्वतःभोवती पाणी धरून ठेवतात आणि फुगतात. मग एक बुळबुळीत का आणि दुसरा चिकट का?

हीच गंमत दवाखान्यातही दिसते. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स हे एक हायड्रोजेल आहे. ईसीजी काढताना छातीवर ज्या चकत्या लावतात, त्यांच्याखालचा चिकट थरही बहुतेक वेळा हायड्रोजेलच असतो. हायड्रोजेल म्हणजे पॉलिमरच्या साखळ्यांचं, पाण्याने भरलेलं जाळं. लेन्स डोळ्याला चिकटून बसली तर पंचाईत आणि चकती छातीवरून सुटली तरी पंचाईत.

मी इथे ग्लासगोत पोस्टडॉक करते, आणि माझ्या दिवसाचा बराच भाग जेलच्या पट्ट्या चिकटवण्यात आणि त्या सोलून काढायला किती जोर लागतो हे मोजण्यात जातो. मंडळाच्या गणपतीत कुणी ना कुणी विचारतंच, "म्हणजे नवा फेव्हिकॉल शोधताय का?" प्रश्न थट्टेचा असला तरी त्यामागचा समज अगदी सार्वत्रिक आहे. चिकटपणा म्हणजे वस्तूच्या पृष्ठभागावर असलेलं किंवा लावलेलं काहीतरी, असं आपण सगळेच धरून चालतो. संशोधकही बराच काळ तसंच धरून चालले होते. ओल्या, मऊ पदार्थांच्या बाबतीत हा समज अपुरा पडतो हे उमगायला शंभरेक वर्षं लागली. हा लेख त्या शंभर वर्षांबद्दल आणि त्यानंतर काय झालं याबद्दल आहे.

सुरुवात याच गावातल्या माणसापासून करते. टॉमस ग्रॅहम यांचा जन्म १८०५ साली ग्लासगोत झाला. आधी इथे आणि मग लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांनी रसायनशास्त्र शिकवलं, पुढे ते सरकारी टांकसाळीचे प्रमुख झाले. पाण्यात विरघळलेले पदार्थ चर्मपत्रातून पलीकडे जातात का, हे ते तपासत होते. मीठ, साखर सहज पलीकडे जात. जिलेटिन, डिंक, अंड्यातला पांढरा बलक मात्र अलीकडेच अडकून राहत. या दुसऱ्या गटाला त्यांनी १८६१ साली नाव दिलं 'कोलॉइड'. ग्रीक भाषेत 'कोल्ला' म्हणजे सरस. जनावरांची हाडं आणि कातडी उकळून सुतार जो सरस करत, तोच. 'सॉल' आणि 'जेल' हे शब्दही ग्रॅहम यांचेच.

म्हणजे या सगळ्या शाखेचं बारसंच चिकटपणावरून झालं. पण सरस चिकटतो का, याचं उत्तर ग्रॅहम यांच्याकडे नव्हतं आणि असणं शक्यही नव्हतं. कोलॉइड म्हणजे छोट्या रेणूंचे सैलसर पुंजके असावेत, असं त्या काळात आणि नंतरही बरीच वर्षं मानलं जात होतं. आत जाळं असतं हेच माहीत नसेल, तर जाळ्याच्या विणीबद्दल प्रश्न तरी कसा पडणार?

ते जाळं दिसायला विसावं शतक उजाडलं. रबर, सेल्युलोज, स्टार्च हे पुंजके नसून हजारो दुव्यांची एकसंध साखळी असते, असं हरमान स्टाउडिंगर यांनी १९२० साली मांडलं. भल्याभल्या रसायनशास्त्रज्ञांनी त्यांना वेड्यात काढलं. त्यांना नोबेल मिळालं ते १९५३ साली. मधल्या काळात, १९४०च्या दशकात, पॉल फ्लोरी आणि वॉल्टर स्टॉकमायर यांनी साखळ्यांना गाठी पडत गेल्या की कोणत्या क्षणी द्रवाचं जेल होतं, याचं गणित बसवलं. त्यानंतर जेलबद्दल मोजता येण्याजोगे प्रश्न विचारता येऊ लागले. साखळ्या किती लांब आहेत? दोन गाठींमध्ये अंतर किती? मोकळी टोकं किती?

या ज्ञानाचा पहिला मोठा उपयोग झाला तो प्रागमध्ये. ओटो विख्तर्ले आणि द्राहोस्लाव लिम यांनी १९६० साली 'नेचर'मध्ये एक छोटासा लेख लिहिला. शरीरात वापरायचा पदार्थ शरीराच्या ऊतींसारखाच ओला आणि मऊ असायला हवा, ही त्यातली मूळ कल्पना. त्यांनी पाणी धरून ठेवणाऱ्या एका मेथॅक्रिलेटच्या साखळ्या घेतल्या आणि त्यांना मोजक्या गाठी मारल्या. जे जेल झालं त्यात वजनाने सुमारे ३८ टक्के पाणी मावतं. विख्तर्ले यांना राजकीय कारणांनी १९५८ साली आपल्या शिक्षणसंस्थेतून बाहेर पडावं लागलं होतं, आणि लेन्सच्या कामाला सरकारी पाठिंबाही टिकला नाही. तेव्हा १९६१च्या नाताळात त्यांनी घरीच, मुलांच्या 'मेर्कुर' या धातूच्या पट्ट्यांच्या खेळातून आणि सायकलच्या डायनामोतून एक यंत्र जुळवलं. फिरत्या साच्यात थेंब टाकून त्यांनी लेन्स घडवल्या. अमेरिकेत या मऊ लेन्सना परवानगी मिळाली १९७१ साली. आज तुमच्यापैकी अनेकांच्या डोळ्यांत त्या जेलची नातवंडं-पतवंडं बसलेली असतील.

विख्तर्ले यांना चिकटपणा नकोच होता. पण डोळ्यावर न रुतणारी लेन्स हवी असली, तरी जेलच्या आतली वीणच ठरवावी लागते, हे त्यांच्या कामातून दिसलं.

आता या गोष्टीतला कळीचा आकडा. एका चौरस मीटर पृष्ठभागावरून पट्टी सोलून काढायला किती ऊर्जा लागते ते ज्यूलमध्ये मोजतात. दोन पृष्ठभाग नुसते एकमेकांना टेकले, रेणूरेणूंमधलं नेहमीचं आकर्षण तेवढं जुळलं, तर ते तोडायला चौरस मीटरमागे साधारण ०.१ ज्यूल किंवा त्याहूनही कमी पुरायला हवेत. प्रत्यक्षात चांगली चिकटपट्टी सोलायला शेकडो ज्यूल लागतात. हिशोबात हजारो पटींचा फरक! पृष्ठभागावर कितीही बारकाईने शोधलं तरी ही उरलेली ऊर्जा तिथे सापडत नाही.

ती आत असते. पट्टी ओढली की कडेजवळचा भाग ताणला जातो. तिथल्या साखळ्या उलगडतात, एकमेकींवर घसटतात, काही तुटतात. आपण लावलेल्या जोराचा मोठा हिस्सा या आतल्या उलाढालीत उष्णता होऊन विरून जातो. सांध्यापर्यंत पोचतो तो अगदी थोडा. म्हणजे पृष्ठभागाने फक्त धरून ठेवायचं असतं, आणि आघात झेलायचं काम आतल्या पदार्थाचं असतं. पण धरून ठेवणंही गरजेचंच, कारण सांधा लगेच सुटला तर आतल्या साखळ्यांना ताणलं जायची संधीच मिळत नाही. दोन्हींचा गुणाकार होतो. एक शून्य असेल तर दुसरं कितीही असून उपयोग नाही.

या आतल्या उलाढालीचा एक सुंदर खुलासा इंग्लंडमधल्या वेल्विन गार्डन सिटीत, रबर उत्पादकांच्या संशोधन संस्थेत झाला. जी. जे. लेक आणि ए. जी. टॉमस यांनी १९६७ साली एक साधा मुद्दा मांडला. दोन गाठींमधल्या साखळीत समजा हजार दुवे आहेत. साखळी तुटेपर्यंत ताणली तर हजारच्या हजार दुवे ताणलेले असतात. तुटतो त्यातला एकच, पण त्या क्षणी सगळ्या हजार दुव्यांत साठलेली ऊर्जा वाया जाते. म्हणून गाठींमधलं अंतर जितकं लांब, तितकी साखळी तोडणं महाग.

मग जेलच्या साखळ्या लांबच लांब का ठेवू नयेत? इथे पाणी आडवं येतं. जेलमध्ये ९० टक्के पाणी असेल तर भेगेच्या वाटेत येणाऱ्या साखळ्याच मुळात विरळ असतात. गाठी कमी केल्या तर जेल आणखी पाणी पितं, फुगतं, लिबलिबीत होतं. गाठी वाढवल्या तर ते कडक होतं, पण खरवसाच्या वडीसारखं चटकन तुटतं. साध्या हायड्रोजेलमध्ये भेग पुढे सरकायला चौरस मीटरमागे जेमतेम १० ज्यूल लागतात. आपल्या सांध्यातल्या कूर्चेला सुमारे १,००० आणि नैसर्गिक रबराला सुमारे १०,००० लागतात. असं जेल कशालाही चिकटवा, सांधा टिकला तरी जेलच फाटणार.

या कोंडीतून वाट काढली ती जपानच्या उत्तरेकडच्या साप्पोरो शहरात. होक्काइदो विद्यापीठात जियान पिंग गॉन्ग आणि त्यांचे सहकारी आधी चिकटपणाच्या अगदी उलट गोष्टीच्या मागे होते. जेल इतकं निसरडं का असतं, हा त्यांचा प्रश्न होता. २००१ साली त्यांनी दाखवलं की एकाच रसायनाचं जेल काचेच्या साच्यात आणि टेफ्लॉनसारख्या पाणी टाळणाऱ्या साच्यात केलं, तर त्यांचे पृष्ठभाग वेगळे होतात. काचेपाशी साखळ्यांच्या नीट गाठी बसतात. दुसऱ्या साच्यापाशी मात्र साखळ्यांची मोकळी टोकं झिपऱ्यांसारखी लोंबत राहतात. पाण्यात हे झिपरं जेल विलक्षण निसरडं होतं. घर्षणाचा गुणांक एक दशसहस्रांशाच्या घरात जातो.

इथे सब्जाकडे पुन्हा एकदा बघा. त्याच्याभोवतीचा थर असाच बियाला धरून बाहेर पसरलेल्या, पाणी प्यायलेल्या साखळ्यांचा असतो. साखळ्यांमधलं पाणी वंगणाचं काम करतं. साबुदाण्यावरचा सुटा स्टार्च मात्र शिजताना फुलतो, आणि त्याच्या साखळ्या शेजारच्या दाण्याच्या साखळ्यांत गुंततात. मोकळी टोकं दोन्हीकडे आहेत. त्यांना समोर काय भेटतं, पाण्याचा थर की गुंतायला दुसरी साखळी, यावर ठरतं की ती निसटवणार की धरणार. साबुदाणा तीनचार पाण्यांनी धुवावा असं आपल्या आज्या सांगत, त्या हा सुटा स्टार्चच काढून टाकत असत.

गॉन्ग यांच्या गटाचं दुसरं काम २००३चं. त्यांनी एका जेलमध्ये दोन जाळी विणली. पहिलं घट्ट गाठींचं, ताणून बसलेलं, ठिसूळ. दुसरं त्यातूनच ओवलेलं, लांब आणि सैल साखळ्यांचं. ओढलं की पहिलं जाळं एकाच जागी न फाटता अनेक ठिकाणी थोडंथोडं तुटत जातं आणि त्यात ऊर्जा जिरते. तोवर दुसरं जाळं सगळं एकत्र धरून ठेवतं. ९० टक्के पाणी असूनही हे जेल सुरीने सहज कापलं जात नाही. पहिलं जाळं मुद्दाम तुटण्यासाठीच घातलेलं असतं, ही त्यातली खरी नवी गोष्ट. पण तुटलेले बंध परत जुळत नाहीत. म्हणून जेल एकदा ताणलं की पुढच्या वेळी तितकं दणकट राहत नाही.

यावरचा उपाय २०१२ साली हार्वर्डमध्ये निघाला. झिगांग सुओ, डेव्हिड मूनी आणि सहकाऱ्यांनी पहिल्या जाळ्यासाठी समुद्री शेवाळातून निघणारं अल्जिनेट घेतलं. त्याच्या साखळ्या कॅल्शियमने बांधलेल्या असतात आणि हे बंध सुटून पुन्हा जुळू शकतात. जेल मूळ लांबीच्या वीस पट ताणलं गेलं. भेगेला लागणारी ऊर्जा १० ज्यूलवरून सुमारे ९,००० वर, म्हणजे जवळपास रबराच्या पंगतीत गेली.

त्याच २०१२ साली आणखी एक लेख आला, आणि तो आपल्याला जवळचा आहे. सान दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या श्यानी वर्गीस यांच्या गटासोबत त्यात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे आशिष लेले आणि आपले रघुनाथ माशेलकरही होते. प्रश्न होता, जेलचे दोन तुकडे एकमेकांना लावल्यावर पुन्हा सांधतील का? त्यांनी साखळीला लोंबत्या शाखा जोडल्या, टोकाला आम्लगट असलेल्या. शाखा फार आखूड असेल तर समोरच्या तुकड्यापर्यंत हात पोचत नाही. फार लांब असेल तर पाणी टाळणाऱ्या शाखा आपसातच गोळा होऊन बसतात. मधल्या, नेमक्या लांबीला मात्र आम्लधर्मी पाण्यात दोन तुकडे काही सेकंदांत सांधतात, आणि आम्लता कमी केली की पुन्हा सुटतात. रसायनाचा प्रकार तोच, फरक फक्त शाखेच्या लांबीचा. अंतर्रचना चिकटपणा ठरवते म्हणजे काय, याचं याहून सोपं उदाहरण मला माहीत नाही.

यानंतरची पावलं भराभर पडली. पॅरिसमध्ये लुडविक लिबलर आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली सिलिकाच्या अतिसूक्ष्म कणांचा द्राव दोन जेलांमध्ये नुसता पसरला. दोन्हीकडच्या साखळ्या त्या कणांना धरतात आणि जेल चिकटतात. एमआयटीत शुआन्हे झाओ यांच्या गटाने २०१६ साली दणकट जेलच्या लांब साखळ्या काच, टायटॅनियम, ॲल्युमिनियम यांना रासायनिक बंधांनी जोडल्या आणि चौरस मीटरमागे १,००० ज्यूलच्या वरची पकड मिळवली. साधं, ठिसूळ जेल तशाच बंधांनी जोडलं तर ते त्याच्या आसपासही पोचत नाही. पृष्ठभागावरची रसायनं दोन्हीकडे सारखीच होती.

मग २०१७ साली हार्वर्डमधूनच आलं ते गोगलगायीवरून सुचलेलं काम. युरोपात सापडणारी एरिऑन सबफस्कस नावाची बिनशंखाची गोगलगाय भ्यायली की पाठीवर चिकट स्राव सोडते. तो ओल्या पृष्ठभागावरही घट्ट बसतो. त्यातही एकमेकांत गुंतलेली जाळी आणि धातूंचे आयन असतात. ज्यान्यू ली, मूनी आणि सहकाऱ्यांनी दोन थरांची पट्टी केली. खालचा थर कायटोसानसारख्या धनभारित साखळ्यांचा, ऊतीत शिरून धरणारा. वरचा थर अल्जिनेटच्या दणकट जेलचा, ताण जिरवणारा. रक्ताने माखलेल्या डुकराच्या हृदयावरही ही पट्टी टिकली.

या सगळ्याचं इतकं महत्त्व का? कारण शरीराच्या आतली जखम बंद करायला आजही प्रामुख्याने सुई-दोराच आहे. यकृत, फुप्फुस, आतडं हे अवयव इतके मऊ की टाक्याचं प्रत्येक छिद्र ही नवी जखम असते, आणि आतड्याच्या सांध्यातली गळती रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. सायनोॲक्रिलेट, म्हणजे आपण तुटका कप चिकटवायला वापरतो त्याच घराण्यातला गोंद, झटकन धरतो. पण सुकल्यावर कडक होतो आणि दर ठोक्याला ताणल्या जाणाऱ्या अवयवावर तडकतो. रक्तातल्या प्रथिनांपासून केलेला फायब्रिनचा गोंद शरीराला मानवतो, पण त्याची पकड कमजोर. एकाकडे धरण्याची ताकद आहे, दुसऱ्याकडे मऊपणा. दोन्ही एकत्र हवे असतील तर जेलची वीणच बदलावी लागते.

अडचणी संपलेल्या नाहीत. शरीरात गेलेलं जेल पाणी पिऊन फुगतं, फुगलं की साखळ्या विरळ होतात आणि पकड सैल होते. झाओ यांच्या गटाने २०१९ साली पट्टी कोरडीच ठेवली. तिने ऊतीवरचा ओलावा शोषून घ्यायचा आणि पाच सेकंदांत धरायचं, अशी ती रचना. शिवाय काही दिवसांनी ती विरघळायला हवी, किंवा शस्त्रक्रियेत चुकीच्या जागी बसली तर न फाडता काढता यायला हवी. आणि प्रयोगशाळेतल्या डुकराच्या हृदयापासून माणसाच्या हृदयापर्यंतची वाट चाचण्यांची, परवानग्यांची आणि अनेक वर्षांची असते.

'शास्त्रज्ञांनी शोधला जगातला सर्वात चिकट गोंद' अशी बातमी तुमच्या व्हॉट्सॲपवर अधूनमधून येत असेलच. पुढच्या वेळी ती वाचताना तीन गोष्टी बघा. पदार्थ समोरच्याला धरतो कशाने? धरल्यानंतर ताण जिरवतो कुठे? आणि आठवडाभर पाण्यात राहिल्यावर त्याच्या विणीचं काय होतं? बातमीत पहिल्याचं उत्तर जवळजवळ नेहमी असतं. दुसऱ्याचं क्वचित, आणि तिसऱ्याचं सहसा नसतंच.

प्रयोगशाळेत पट्टी सोलून झाली की पडद्यावरचा आकडा बघायच्या आधी मी ती उलटून भिंगाखाली धरते. समोरचा पृष्ठभाग स्वच्छ राहिला असेल तर सांधा सुटला, म्हणजे धरणारे हात कमी पडले. दोन्ही बाजूंना जेलचे तुकडे उरले असतील तर हातांनी धरून ठेवलं होतं, फाटलं ते जेल. मग पुढचे काही आठवडे पृष्ठभागाला हात न लावता जेलच्या आतल्या गाठी मोजायच्या असतात.